लाकडी डेक धुताना पाण्याला किती जोर द्यावा

खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या बाजूस शेतघरे बांधणाऱ्यांनी आणि बेळगाव शहरात घरामागे थोडाफार परस राखून असलेल्यांनी अलीकडे दगडी कट्ट्याऐवजी लाकडी फळ्यांचा डेक घालून घ्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या वर्षी तो देखणा दिसतो. जून ते सप्टेंबरचा पाऊस त्याच्यावर एकदा पडून गेला की मात्र फळ्या हिरव्या-काळ्या होतात, त्यांवरून पाय घसरू लागतो, आणि दसऱ्याच्या साफसफाईत घरातील कोणीतरी गाडी धुवायचे प्रेशर वॉशर बाहेर काढते. मोटार, फरशी किंवा जांभ्या दगडाची पायरी ज्या यंत्राने लख्ख निघते त्याने लाकूडही निघेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते निघतेही, पण मळाबरोबर लाकूडही निघत असते, आणि हे फळ्या वाळल्यावरच कळते.

डेकवर दिसणारा सगळा मळ एका जातीचा नसतो. ओला असताना बुळबुळीत लागणारा हिरवा थर शेवाळाचा असतो. फणसा-आंब्याच्या सावलीत आणि ऊन न पोचणाऱ्या बाजूला तो जाड होतो, परंतु तो लाकडात मुळे घालत नाही, नुसता वर बसतो. काळे ठिपके आणि काळपट छटा बुरशीची असते. ती वरच्या थरात थोडीशी आत शिरलेली असते. तिसरा असतो तो करडा, रुपेरी रंग, आणि लोक सर्वांत जास्त चुका याच्याच बाबतीत करतात, कारण तो मुळात मळच नव्हे.

लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या लांब तंतूंच्या जुड्या आणि त्या जुड्यांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ. बांधकामाच्या भाषेत सांगायचे तर सेल्युलोज ही वीट आणि लिग्निन हा चुना. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लिग्निन तोडतात, तुटलेले लिग्निन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, आणि वर उरतात ते सुटे, फिकट, करडे तंतू. हा सगळा प्रकार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी खोलीवर घडतो. त्याच्या खाली लाकूड तसेच्या तसे असते. मऊ जातीचे लाकूड उघड्यावर शंभर वर्षे राहिले तर ऊन-पावसाने त्याची साधारण ५ ते ६ मिलिमीटर झीज होते. चुकीचे नोझल, म्हणजे पाणी सोडणारे तोंड, लावलेले यंत्र त्यातला एक मिलिमीटर काही सेकंदांत काढू शकते, म्हणजे पंधरा-वीस वर्षांचे ऊनपाऊस एका फटक्यात.

शिवाय ती झीज सारखी होत नाही. खोडाच्या आडव्या कापावर जी वर्तुळे दिसतात, त्यांत झाड जोमाने वाढत असतानाचा भाग मऊ आणि वाढ मंदावल्यावरचा भाग कठीण असतो. फळी कापली की हीच वर्तुळे लांब रेघा होऊन तिच्यावर उमटतात. जोरदार पाणी मऊ पट्ट्यातून लाकूड उकरून नेते आणि कठीण पट्टा तसाच उभा राहतो, त्यामुळे फळी नांगरटीसारखी दिसू लागते. अशा सरींत पुढच्या पावसाचे पाणी आणि माती साठते, शेवाळ लवकर धरते, आणि ज्याने जास्त जोराने धुतले त्याचाच डेक पुढच्या वर्षी जास्त हिरवा होतो.

आता हा जोर म्हणजे नेमका किती, ते पाहू. घराच्या गच्चीवरील टाकी परसातील नळापेक्षा सहा-सात मीटर उंच असेल तर नळाला साधारण ०.६ ते ०.७ बार दाब मिळतो, कारण पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब तयार होतो. घरगुती प्रेशर वॉशरवर बहुतेक १०० ते १५० बार असा आकडा लिहिलेला असतो. त्याची कल्पना येण्यासाठी असे समजा, की बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. येथून पाण्याने भरलेला पाइप चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत नेला आणि खालचे तोंड बंद ठेवले, तर त्या तोंडाशी सुमारे ७५ बार दाब असेल. हातात धरता येणारे छोटे यंत्र त्याहून जास्त दाब निर्माण करते. १०० बारला नोझलमधून सुटणारे पाणी सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडते. दाब निम्म्यावर, ५० बारवर, आणला तरी हा वेग ताशी ३६० किलोमीटरच्या आसपास राहतो. दाब निम्मा केला म्हणजे वेग निम्मा होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाणी मवाळ करण्यासाठी केवळ दाबाची चकती फिरवून भागत नाही, नोझल आणि अंतर यांचाही विचार करावा लागतो.

नोझलमधून पाणी पंख्यासारखे पसरते आणि त्या पंख्याचा कोन नोझलवर ठरतो. अनेक यंत्रांत रंगावरून तो ओळखता येतो: लाल म्हणजे शून्य अंश, पिवळे १५, हिरवे २५, पांढरे ४०, आणि काळे साबण सोडण्यासाठीचे. शून्य अंशाचे नोझल पाण्याची पेन्सिलीसारखी धार सोडते. ते लाकडासाठी नाही. टर्बो किंवा फिरते नोझल तेच काम गोल फिरवून करते, त्यामुळे त्याच्या रुंद दिसणाऱ्या फवाऱ्याला फसू नये. प्रत्यक्षात एकच टोकदार धार गरगर फिरत असते आणि ती फळीवर गोल ओरखडे सोडते. २५ अंशांचा पंखा ३० सेंटिमीटरवरून सुमारे १३ सेंटिमीटर रुंद पडतो, ४० अंशांचा साधारण २२ सेंटिमीटर. तोच २५ अंशांचा पंखा दहा सेंटिमीटरवर आणला की पट्टा साडेचार सेंटिमीटरचा होतो, म्हणजे तेवढेच पाणी एक तृतीयांश रुंदीत आदळते. आणि हवेत फुटून वेग गमवायला त्याला अवसरही मिळालेला नसतो. एखादा डाग निघत नाही म्हणून आपण नकळत वाकतो, नोझल जवळ नेतो, आणि नेमका तेवढ्याच जागी खड्डा पडतो.

मी स्वतः पहिल्यांदा डेक धुतला तेव्हा हेच केले होते. स्कूटर धुताना लावलेले नोझल तसेच राहिले होते आणि पायरीजवळच्या फळीवर मी अक्षरशः सही करावी तशी एक वळणदार रेघ ओढली. ओली असताना ती जेमतेम दिसत होती. दुसऱ्या दिवशी उन्हात ती दारातूनच दिसली, आणि रंधा मारून निम्मी फळी पातळ केल्यावरच गेली.

यावरून माझे मत असे झाले आहे की लाकडाच्या बाबतीत यंत्राकडून धुण्याचे काम घेऊच नये. आधी सुटा केलेला मळ वाहून नेण्याचे काम तेवढे घ्यावे. मळ सुटा करतात ते भिजवण, क्षार आणि ब्रश. ज्याने हे तीन नीट केले त्याला ३५ ते ४० बारहून जास्त दाब लागत नाही, आणि सागवान-जांभ्यासारख्या घट्ट लाकडालाही ८० बारच्या वर जाण्याचे कारण पडत नाही. डेक लहान असेल तर साधा नळाचा पाइप आणि कष्ट करायची तयारी एवढ्यावर काम होते. यंत्र असलेच पाहिजे असे अजिबात नाही.

क्षारांपैकी सर्वांत सोयीचा सोडियम परकार्बोनेट. कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या कित्येक पावडरींमध्ये तो असतो. कोमट पाण्यात टाकला की त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो; पेरॉक्साइड बुरशी आणि शेवाळ मारते, सोडा मळ सैल करतो, आणि काम झाल्यावर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन उरतात. एका लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम पुरेसे होतात, मात्र द्रावण त्याच दिवशी वापरावे, कारण ते ठेवून दिले तर त्याचा जोर जातो. झाकण घट्ट लावून तर मुळीच ठेवू नये. आतल्या वायूने डबा फुटू शकतो. आपल्याकडे सर्वांना माहीत असलेली ब्लीचिंग पावडर शेवाळ मारते खरी, पण ती लाकडाच्या तंतूंनाही खाते, स्क्रू गंजवते आणि शेजारच्या कुंड्यांतील जास्वंदीची पाने करपवते. ती कोणत्याही अॅसिडबरोबर, शौचालय धुण्याच्या अॅसिडबरोबरही, मिसळली तर क्लोरिन वायू सुटतो. तो विषारी असतो.

सोड्यामुळे लाकूड, विशेषतः सागवान, थोडे काळवंडते. तो रंग परत आणण्यासाठी ऑक्झॅलिक अॅसिड वापरतात. फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिरांकडे ही पांढरी पावडर असते, त्यामुळे ती शोधायला फार फिरावे लागत नाही. तिचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. डेकवर खिळ्यांच्या आणि स्क्रूंच्या भोवती जे निळसर काळे डाग पडतात, ते गंजाचे नसून शाईचे असतात असे म्हटले तरी चालेल: हिरड्याच्या काढ्यात लोखंड घातले की जशी काळी शाई तयार होते, तसेच लाकडातील टॅनिन आणि खिळ्याचे लोखंड पावसाच्या पाण्यात एकत्र येऊन काळा रंग धरतात. तो ना पाण्याच्या जोराने जातो ना सोड्याने. एका लिटरला सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक पावडर घालून प्लॅस्टिकच्या बादलीतून ते लावले, पंधरा मिनिटे थांबले आणि भरपूर पाण्याने धुतले की डाग बहुतेक निघतो. ही पावडर पोटात गेल्यास विषारी आहे आणि तिची धूळ नाकाला झोंबते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके असू द्यावे. लोखंडाच्या या काळ्या डागांमुळेच डेकवर तारेचा ब्रश कधी चालवू नये; त्याचे लोखंडी कण रेघांत अडकतात आणि पुढच्या पावसात शंभर नवे काळे ठिपके उमटतात. काथ्याचा किंवा नायलॉनचा राठ ब्रश बरा.

खानापूर भागात आणखी एक मळ असतो, तो तांबड्या मातीचा. ही माती फार बारीक असते आणि ओल्या पायांनी रेघांत दाबली जाते. तिच्यावर अॅसिड ओतून काही साधत नाही. ती वाळली की आधी कोरड्या खराट्याने झाडावी आणि मग भिजवावी. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीलाही हेच लागू पडते, फक्त तिकडे पाऊस कमी असल्यामुळे शेवाळाचा त्रास पुष्कळच कमी असतो.

कोणते लाकूड आहे हे माहीत असेल तर निम्मे निर्णय सोपे होतात. सागवानाच्या नारीत, म्हणजे खोडाच्या आतल्या गडद भागात, नैसर्गिक तेल असते आणि ती टिकाऊ असते. पण वखारीतून स्वस्तात आणलेल्या सागात बाहेरचा फिका भाग बराच असतो, आणि तो इतर कोणत्याही मऊ लाकडासारखा वागतो. ऐन, ज्याला आपल्याकडच्या वखारीत कानडी नावाने मत्ती म्हणतात, आणि जांभा ही लाकडे कठीण; येथे जांभा म्हणजे झाड, पायरीचा दगड नव्हे, हे नवख्यांना सांगावे लागते. पाइन मऊ असतो आणि त्याला सर्वांत जपावे लागते. हिरवट झाक असलेले, प्रक्रिया केलेले पाइन जुने असेल तर थोडे थांबावे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या द्रावणाने लाकूड टिकवण्याची ही पद्धत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी शोधली आणि ती जगभर वापरली गेली. पुढे आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत घरगुती कामासाठी असे लाकूड बनवणे २००३ अखेरीस थांबले. अशा फळ्यांवर ना उच्च दाबाचे पाणी मारावे ना त्या घासाव्यात, कारण उडणारा प्रत्येक तंतू आर्सेनिक घेऊन मातीत जातो. मऊ ब्रश आणि साधे पाणी एवढ्यावर समाधान मानावे. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या डब्ल्यूपीसी फळ्यांना लाकडाचे नियम सगळे लागू नसतात, पण टोकदार धारेचे ओरखडे त्यांच्यावरही राहतात आणि ते रंधा मारूनही जात नाहीत.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सुरुवात पाण्याने करू नये. फळ्यांमधील फटींत वर्षभराची पाने कुजून काळी माती झालेली असते, आणि डेक कुजायला सुरुवात बहुधा तेथूनच, फळी खालच्या आडव्या तुळईला टेकते त्या जागी, होते. बोथट सुरीने किंवा करवतीच्या जुन्या पात्याने त्या फटी उकराव्यात आणि त्याच वेळी पेचकसाचे टोक प्रत्येक संशयास्पद जागी दाबून पाहावे. ते सहज आत शिरले तर ती फळी धुवायची नसून बदलायची आहे. लाकूड सतत २० टक्क्यांहून जास्त ओलसर राहिले की ते कुजवणाऱ्या बुरशीला जोर चढतो, म्हणून फटी मोकळ्या ठेवणे हे डेक चकचकीत करण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. त्यानंतर भोवतालची झाडे साध्या पाण्याने भिजवावीत, म्हणजे त्यांच्यावर उडालेले द्रावण पातळ होते. फळ्या ओल्या करून द्रावण लावावे, दहा-पंधरा मिनिटे ते वाळू न देता ठेवावे, आणि रेघांच्या दिशेने घासावे. सकाळचा किंवा सायंकाळचा वेळ घ्यावा. भर उन्हात द्रावण पाहता पाहता सुकते आणि त्याचे पांढरे डाग पडतात.

मग यंत्र. ४० किंवा २५ अंशांचे नोझल, फळीपासून किमान ३० सेंटिमीटर, आणि पहिला फवारा एखाद्या कोपऱ्यातील दुय्यम फळीवर मारून पाहावा. हात लावून तंतू उभे राहिले असे वाटले तर आणखी मागे सरावे. गनचा खटका नेहमी फळीच्या बाहेर, हवेत दाबावा आणि चालते पाणी फळीवर आणावे. फळीवर नोझल रोखून खटका दाबला तर पहिल्या धक्क्याची खूण तेथे कायम राहते. रेघांच्या दिशेने फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जावे, मध्येच थांबू नये, आणि आडवे तर कधीच मारू नये. घराच्या भिंतीकडून बाहेरच्या बाजूला काम करत गेले म्हणजे घाण पाणी पुन्हा धुतलेल्या फळ्यांवर येत नाही.

यंत्राच्याही काही अटी असतात. पंपाला मिनिटाला आठ लिटर पाणी लागत असेल तर नळाखाली ठेवलेली वीस लिटरची बादली अडीच मिनिटांच्या आत भरली पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पंप हवा ओढतो, धडधडतो आणि लवकर खराब होतो. बोअरच्या पाण्यात रेती येत असेल तर पाणी घेण्याच्या तोंडाशी बारीक जाळी हवीच. मिनिटाला सहा लिटरप्रमाणे तासाभराच्या कामाला ३६० लिटर पाणी जाते. साध्या पाइपपेक्षा ते कमीच असले, तरी एप्रिल-मे महिन्यांत बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली जात असताना डेक धुवायला काढणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नसते.

सोळाशे वॅटचे यंत्र सुमारे सात अँपियर वीज घेते, म्हणून ते सहा अँपियरच्या छोट्या प्लगला न लावता सोळा अँपियरच्या मोठ्या प्लगला लावावे. अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपियरचे गळती-संरक्षक स्विच असावे, आणि एक्स्टेन्शनचा जोड ओल्या जमिनीवर पडू देऊ नये. पायांत बंद बूट असावेत, चपला नकोत. पाण्याची धार कातडीत शिरली तर बाहेरून टाचणीएवढेच छिद्र दिसते, दुखतही फार नाही, परंतु आत पाणी आणि घाण दूरवर पसरलेली असते. अशा जखमेला हळद लावून बसू नये, त्याच तासात रुग्णालय गाठावे आणि यंत्राच्या धारेने झाले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

धुतलेले लाकूड वाळल्यावर त्याला बारीक केस आल्यासारखे दिसतात आणि अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या पायात कुसे जातात. हे थोडेफार होणारच. कोरड्या हवेत तीन-चार दिवस वाळू देऊन ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासले की पुरते. त्याहून गुळगुळीत केले तर लाकडाची तोंडे बंद होतात आणि तेल आत मुरत नाही. लाकूड तयार आहे की नाही हे पाहायला पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब लगेच शोषले गेले तर पृष्ठभाग मोकळा आहे. मात्र ढगाळ हवा असेल तर आणखी एक-दोन दिवस थांबणे चांगले. दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण उघडला की दिवाळीपर्यंतचा आणि त्यानंतरचा काळ या कामाला सर्वांत योग्य, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि ऊन कडक नसते. कणकुंबीच्या बाजूला मात्र दिवाळी उलटून जाऊ द्यावी.

रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते जवसाचे उकळलेले तेल दारे-खिडक्यांना चांगले, पण उघड्या डेकवर ते एकटे वापरल्यास बुरशीला खाद्य मिळते आणि फळ्या पुन्हा काळ्या पडतात. बुरशीनाशक आणि थोडा रंग असलेले बाहेरच्या लाकडाचे तेल घ्यावे, कारण अतिनील किरणांना अडवतो तो त्यातला रंगच. पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी न मुरलेले तेल फडक्याने पुसून काढावे आणि गरज वाटली तरच दुसरा हात द्यावा. पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, आणि गोळा करून ठेवलेल्या फडक्यांत ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळत घालावीत आणि खडखडीत झाल्यावरच टाकावीत.